घडीचा टी-शर्ट

कंपन्यांच्या क्रीडास्पर्धेतला आमच्या संघाचा फोटो आज ऑफिसच्या भिंतीवर लागला. चषक माझ्या हातात, कारण कप्तान मी. सगळ्यांचे निळे टी-शर्ट घामाने अंगाला चिकटलेत. फक्त स्टोअरमधल्या शिंदेकाकांच्या टी-शर्टवर पाकिटातल्या घड्यांच्या रेघा तशाच आहेत.

महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याबरोबर कॅरमचा सराव करायचे, डबा अर्धा टाकून. "शेवटचा सामना तुमचाच," असं मीच म्हटलं होतं. तो सामना आला, तेव्हा बॅडमिंटन आणि रस्सीखेच जिंकून चषक आमचा झालाच होता. हरलो असतो तरी काही बिघडत नव्हतं. तरीही पंचांना द्यायच्या चिठ्ठीवर मी स्वतःचंच नाव लिहिलं. काका बोर्डावर पावडर टाकत राहिले.

संघ, संघ म्हणतो आपण; पण त्यातल्या किती जणांची नुसत्या टी-शर्टावर बोळवण करतो!

फोटोच्या वेळी काका मागच्या रांगेत सरकत होते. मी हाक मारली, तर छातीवरून हात फिरवत हसले. "राहू द्या हो साहेब, माझा अजून नवाच दिसतोय."

मोठेपणा दाखवत मीच त्यांना पुढे ओढलं.