आयली कांगसची स्वस्तातली रायफल

आपण बंदूक बघायला आलोय हे कबूल करायला आयली कांगसला अख्खा सप्टेंबर लागला. आमच्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांचं काउंटर अगदी मागे आहे, रंगाचे डबे आणि बर्फ उपसायची फावडी यांच्या पलीकडे. तिथे यायचं तर मुद्दाम यावं लागतं. आयली यायची, एखादा बल्ब घ्यायची आणि मग फावड्यांपाशी थांबून एखादं हातात घेऊन बघत राहायची. तिच्या घरी फावड्यांची काही कमी नव्हती. तिच्या नवऱ्याला, डेलला, ती सगळी मीच विकली होती.

शेवटी एका मंगळवारी मीच हाक मारली. "आयली, फावडं नकोच असेल तर इकडे ये."

ती आली. साठी ओलांडलेली, ठेंगणी, हातांवर भाजल्याचे जुने डाग. आयुष्यभर तिने आमच्या गावच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक केला. डेलला जाऊन दोन हिवाळे झाले होते. रॅककडे हनुवटीने खूण करत ती म्हणाली, "ती खालची दे. लिव्हरची. नुसती बघते."

ती आमच्याकडची सगळ्यात स्वस्त रायफल होती. बाहेरच्या देशात बनलेली, साध्या लाकडाला गडद रंग देऊन अक्रोडाचा आव आणलेला. मी ती रिकामी आहे ना ते बघून तिच्या हातात दिली. आयलीने ती खांद्याला लावली आणि काडतूस चढवायची खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली. मध्येच ती जराशी अडकली, खरखरली.

"याचा आवाज तसा नाही," ती म्हणाली.

"कसा?"

"बाबांच्या बंदुकीचा होता तसा." तिने रायफल परत केली, बल्ब पिशवीत टाकला आणि गेली.

दुकानात शेगडीपाशी दोन-चार निवृत्त मंडळी रोज कॉफीला बसतात. त्यांत उर्हो लाइने म्हणून एक आहे. लाकूडतोडीत दोन बोटं गमावली, पण जीभ शाबूत. तो मला म्हणाला, "अरे ओर्वो, त्या बाईला ती विकू नकोस. ती काय बंदूक आहे? शेळ्यांच्या गोठ्याची कडी आहे ती."

"तुझ्या गोठ्याची कडी तरी नीट लागते का?" मी म्हणालो. मंडळी हसली, पण उर्होचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

पुढच्या आठवड्यांत ती येत राहिली आणि तुकड्यातुकड्यांनी मला गोष्ट कळत गेली. तिचा बाप रेइनो तांब्याच्या खाणीत होता. खाण बंद पडल्यावर तो लाकूडतोडीला लागला. नदीच्या वरच्या अंगाला, सीडरच्या झाडांच्या दलदलीपाशी त्याने शिकारीला राहायला एक लाकडी खोपटं, आमच्या भाषेत कॅम्प, बांधलं होतं. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी आमच्याकडे शाळाही बंद असतात. आयलीच्या भावाला, वॉलफ्रिडला, थंडी सोसायची नाही आणि पहाटे उठणं तर त्याला फाशीसारखं. म्हणून बाप आयलीला न्यायचा. बापाची बंदूक लिव्हरची, तीस-तीसच्या काडतुसांची. कधीतरी पडून तिच्या दस्त्याला, हाताने धरतो तिथे, तडा गेला होता. खाणीतून आणलेली तांब्याची तार घट्ट गुंडाळून बापाने तो सांधला होता. थंडीत ती तार तळहाताला चटका द्यायची, म्हणाली.

"किती हरणं मारलीस?"

"बाबांपेक्षा जास्त," ती म्हणाली. हसली नाही.

बाप गेला तेव्हा आयली नवी नवी नोकरीला लागली होती. बंदूक वॉलफ्रिडकडे गेली, कारण तो मुलगा. कोणी तिला विचारलं नाही आणि तिनेही तोंड उघडलं नाही. पुढे वॉलफ्रिड कारखान्यात काम मिळालं म्हणून दक्षिणेला निघाला आणि जाता जाता ती विकून टाकली. कोणाला, हे त्याला आठवतही नव्हतं. कॅम्प मात्र कोणाला नको होता, म्हणून तो आयलीकडे राहिला. पण डेल आणि त्याचे मित्र तिथे शिकारीला जाऊ लागले तेव्हा बाईने तिथे राहायचं म्हणजे त्यांच्या पत्त्यांच्या डावात अडचण. दरवर्षी हंगामाच्या आदल्या दिवशी ती त्या सगळ्यांना पुरतील एवढ्या पेस्ट्या भाजायची, मोठ्या करंजीसारख्या, आत मांस, बटाटे आणि सलगम. सोबत वेलदोड्याचा पाव. कॅम्प झाडून, चूल पेटवून, अंथरुणं घालून संध्याकाळी घरी परतायची.

"डेल वाईट नव्हता," ती म्हणाली. "त्याने कधी नको म्हटलं नाही. मी कधी येऊ का म्हटलं नाही."

डेलची रायफल घरी होतीच. पण ती मोठी, वर दुर्बीण लावलेली, आणि वृद्धाश्रमातली पातेली उचलून उचलून आयलीच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. ती बंदूक दणका द्यायची तो थेट हाडात. तीस-तीसचा दणका तिला सोसला असता. म्हणून लिव्हरची हवी होती. खरं कारण अर्थात तेवढंच नव्हतं.

"मला खरं सांग ओर्वो, ही घेण्यासारखी आहे का?"

मी खरं सांगितलं. लाकूड सामान्य आहे. लोखंडावरचा काळा मुलामा पातळ आहे, पावसात नेलीस तर त्याच दिवशी पुसून तेल लाव, नाहीतर गंज येईल. काडतूस भरायची झडप कडक आहे, बोट चिमटतं. लिव्हर आता खरखरते, पण सतत चालवलीस तर मऊ पडेल. आणि नळी सरळ आहे. दलदलीत जेवढ्या अंतरावर हरीण दिसतं तेवढ्यावर ती कुठल्याही महागड्या बंदुकीइतकीच नेमकी लागेल.

"म्हणजे घेऊ?"

"तुला बंदूक हवी असेल तर घे. बाबांची हवी असेल तर ही ती नाही."

हे मी जरा फटकन बोललो. ती बल्ब न घेताच गेली आणि पुढच्या मंगळवारी आली नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर व्हर्नर सुंडेल नावाचा म्हातारा एक लिव्हरची रायफल कापडात गुंडाळून घेऊन आला. तो तळ्याच्या पलीकडे राहतो, मासेमारीवाला. एक स्प्रिंग गेली होती. मी कापड उलगडलं आणि दस्त्यावर तांब्याची तार. हिरवट पडलेली, पण घट्ट.

"ही कुठून घेतली होतीत?"

"एक जवान पोरगा गाव सोडून चालला होता. पेट्रोलपंपावर. गाडीत सामान भरलेलं, त्यात ही वरच." व्हर्नर हसला. "एवढी घाई होती त्याला, काडतुसंही फुकट दिली."

मी त्याला आयलीबद्दल सांगितलं. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "स्प्रिंग बसवून झाली की तिला घेऊन ये. कॉफी ठेवतो."

रविवारी मी आयलीला गाडीतून घेऊन गेलो. कुठे ते सांगितलं होतं. वाटेत ती एकदाच म्हणाली, "मी विकत मागणार नाही हं. तूही मागू नकोस."

व्हर्नरने टेबल पुसून ठेवलं होतं आणि रायफल त्यावर आडवी. त्याने कॉफी ओतली. आयली उभीच राहिली. मग तिने बंदूक उचलली, रिकामी आहे ते स्वतः तपासलं आणि लिव्हर चालवली. खट्, खट्. तेल लावलेल्या कुलपासारखा तो आवाज. तिने पुन्हा चालवली नाही. तारेवर अंगठा ठेवून ती उभी होती.

"चांगली ठेवलीत," ती म्हणाली.

"चांगली होती म्हणून राहिली. माझ्या घरात या बंदुकीने बरीच वर्षं जेवण आणलंय, पोरी. ज्या वर्षी तळ्यात मासा नव्हता त्या वर्षी तर हिनेच तारलं." व्हर्नर खाकरला. "आता माझे डोळे गेले. पुढच्या वर्षी नातीला देणार आहे. लिन्नेया. तिला भाऊ आहे मोठा, पण ही तिच्यासाठी. जंगलात तीच येते माझ्याबरोबर."

आयलीने बंदूक हळूच टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

व्हर्नर घाबरला. "हे बघ, या हंगामापुरती तू घेऊन जा. खरंच. नंतर आणून दे."

"नको."

"अगं, घे म्हणतो तर."

"नेली तर परत आणायला जमायचं नाही मला." तिने कपातली कॉफी एका दमात संपवली. "व्हर्नर, एक करा. लिन्नेयाला ती आताच द्या, तुमच्या हाताने. सगळ्यांच्या देखत. म्हणजे मागून कोणी भावाला द्यायला नको."

"मी मेल्यावर देणार आहे असं कोण म्हणालं?"

"माझे बाबाही काही म्हणाले नव्हते," आयली म्हणाली.

व्हर्नरने मान खाली घातली. मग तो उठून आतल्या खोलीत गेला आणि मुलाला फोन लावला. आम्ही निघालो तेव्हा तो अजून जोरजोरात बोलत होता. "आज संध्याकाळी, हो, सगळेच या, पोरालाही आण."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "वळव. दुकानात चल."

"आज रविवार. बंद आहे."

"चावी तुझ्याकडेच असते ना?"

मी दुकान उघडलं. कागदपत्रांचे सगळे सोपस्कार झाल्यावर आयलीने ती स्वस्तातली रायफल खोक्यातून काढली, खोकं मलाच परत दिलं आणि बंदूक कुशीत तान्हं मूल धरावं तशी धरून निघाली. दोन पावलं गेल्यावर ते तिच्याच लक्षात आलं आणि तिने ती नीट खांद्यावर घेतली.

नोव्हेंबरपर्यंत ती रोज टीव्हीसमोर बसून लिव्हर चालवायची. तिची शेजारीण दुकानात येऊन माझ्याशी भांडून गेली, "काय विकलंस तिला, भिंतीतून सतत खडखड येते." खडीच्या खाणीत आम्ही निशाण जुळवायला गेलो तेव्हा लिव्हर बरीच सुधारली होती. तिच्या पहिल्या तीन गोळ्या एका कपाएवढ्या जागेत बसल्या. उर्हो बघायला आला होता. तो म्हणाला, "बरी आहे की कडी." आयली म्हणाली, "तू उभा राहतोस का तिथे? चौथी झाडते."

पंधरा तारखेला ती एकटीच तिच्या कॅम्पवर होती. डेलच्या मित्रांना तिने कळवून टाकलं होतं की यंदा पेस्ट्या नाहीत आणि अंथरुणंही नाहीत. माझा कॅम्प तिच्यापासून टेकडीपलीकडे. पहिले दोन दिवस तिकडून काहीच ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी बर्फ भुरभुरत होता, दुपार कलली होती, आणि दलदलीकडून एक बार झाला. एकच. मी दुसऱ्या बाराची वाट बघितली. झाला नाही, म्हणजे पहिलाच लागला असणार; तेव्हा उठून तिकडे चालू लागलो.

ती एका पडलेल्या सीडरपाशी गुडघ्यांवर होती. चांगला थोराड नर होता, शिंगांना आठ टोकं. तिने पोट फाडून साफही करत आणलं होतं, बाह्या कोपरापर्यंत वर, हातांतून वाफ निघतेय. शिकारीचं नारिंगी जाकीट फांदीला टांगलेलं. रायफल खोडाला टेकलेली, तिच्यावर बर्फाचे कण.

"पुसून ठेव ती," मी म्हणालो.

"आधी हे होऊ दे." तिने काळीज बर्फावर ठेवलं. "बरी आहे बंदूक. बोट चिमटलं मात्र, तू म्हणाला होतास तसं."

मी मागचे पाय धरले. ती काही वेळ काम करत राहिली, मग सुरी थांबली.

"ओर्वो, बार झाला, हा खाली बसला, आणि मी मागे वळून बघितलं."

"कोणाकडे?"

"बाबांकडे. ते माझ्या मागे बसायचे, जरा डावीकडे. नेम लागला की म्हणायचे, आता थांब, घाई नको, त्याला शांतपणे जाऊ दे. मी वळले तर तिथे नुसती झाडं." तिने मनगटाने नाक पुसलं. गालावर रक्ताचा ओघळ राहिला. "एवढी वर्षं मला वाटत होतं, मला बंदूक हवीये."

मी म्हणालो, "आता थांब. घाई नको."

ती माझ्याकडे बघून हसली, खूप वेळ हसली, मग तसंच रडली. आम्ही तिथेच बसलो. बर्फ हरणाच्या कातडीवर पडत होता आणि आता वितळत नव्हता.

अंधाराआधी आम्ही हरीण ओढत कॅम्पवर आणलं आणि आडव्या खांबाला टांगलं. मी तिला सौनाची, कॅम्पशेजारच्या वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवून दिली. तिने काळजाचे तुकडे कांद्यावर लोण्यात परतले, अर्धं माझ्या डब्यात भरलं आणि मला दारापर्यंत सोडायला आली.

"बस ना, जेवून जा म्हणणार होते," ती म्हणाली. "पण आज नको. आज मला इथे एकटीनं बसायचंय."

मी टेकडी चढलो. डबा कोटाच्या आत होता, पोटाला ऊब देत. वर पोचल्यावर वळून बघितलं तर तिच्या सौनाच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता, आणि ती उघड्या दारात बसून मांडीवरची रायफल पुसत होती.