बोट आधी, आवाज मागून

विषय : साक्षीदार महिलेची माहिती सादर करणेबाबत.

सदर महिलेचे नाव श्रीमती सत्यशीला उंदिरवाडे. वय अंदाजे छत्तीस. राहणार वडसा. शिक्षण दहावी. धंदा : लग्ने, नामकरण, नाटके इत्यादींचे चित्रीकरण. तांत्रिक अर्हता : निरंक. वर्तणूक : उद्धट. सदर महिला मौजे शिंगाडबोडी येथील ग्रामसभेत कॅमेरा व तिवई घेऊन अनाहूतपणे हजर होती. तिला उठण्यास सांगितले असता 'मी उभीच आहे' असे उत्तर दिले.

हे टिपण २००६च्या फेब्रुवारीत एका तालुक्याच्या कचेरीत तयार झालं. तालुक्याचं नाव देत नाही; तालुका अजून तिथेच आहे. टिपणातला मजकूर खोटा म्हणता येणार नाही. फक्त ती अनाहूत नव्हती. गावानं बोलावलं होतं. पण गावानं बोलावणं हे कचेरीच्या लेखी बोलावण्यात धरत नाहीत.

वडशात रेल्वे फाटकाजवळ सत्यशीलाबाईंचं दुकान होतं. मुळात ते भावाचं, संघपालचं. त्याला चंद्रपूरला मास्तरकी लागली आणि त्यानं दुकान बहिणीला दिलं. म्हणजे ते बंदच पडणार असं धरून दिलं. बाईंनी नागपूरहून कॉम्प्युटर जोडून आणला, डिजिटल कॅमेरा घेतला आणि लोक हसेपर्यंत दोन लगीनसराया उरकल्या. आडनावामुळे त्यांना माउस लवकर वश झाला, असा एक विनोद गावात होता. बाईंनी तो इतक्यांदा ऐकला होता की समोरच्यानं तोंड उघडलं की त्याच तो पूर्ण करून देत.

हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की काम रेल्वेच्या मालगाडीसारखं लांबत जाई. नाटक शूट करायचं, कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, सीडी करायची. कॅमेरा डिजिटल असला तरी त्यातली छोटी कॅसेट कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही. वायर लावून ती चालवावी लागते. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो. तिथे वशिला चालत नाही. शिवाय एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. कॉम्प्युटरवर भार पडला की तो मधलं एखादं चित्र गाळतो. आवाज मात्र गाळत नाही. मग चित्र पुढे निघून जातं आणि आवाज मागून येतो, बाजारातून परतणाऱ्या नवराबायकोसारखे.

नाटकात हे खपून जाई. खलनायक आधी पडे आणि बंदूक मागून वाजे. प्रेक्षकांना त्यात विशेष वाटत नसे, कारण रंगमंचावरही पुष्कळदा तसंच होई.

जानेवारीत शिंगाडबोडीचा इस्तारी दुकानात आला. तो तिथल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा म्होरक्या.

"बाई, सव्वीस तारखेले याचं हाय. शूटिंग हाय."

"कोणाचं लगन?"

"लगन नाई. तलावाची सभा हाय."

"तलाव सभा घेऊन राह्यला?"

"तलाव काऊन घेईल? त्याच्यासाठी आमी घेऊन राह्यलो."

भानगड अशी होती की गेल्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेनं, न विचारलेल्या प्रश्नाला, एकमतानं होकार दिल्याचं कागदावर आलं होतं. गावचा तलाव दहा वर्षांसाठी बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा. मासेमारी त्याची, आणि वर नौकाविहाराचा विकास. जिथे माणसं चालायला लागायच्या आधी डोंग्यात बसतात तिथे नौकाविहाराचा विकास करायची ही कल्पना होती. गावानं ओरड केली, तेव्हा पुन्हा सभा घेऊन पुन्हा विचारायचं ठरलं. या खेपेला इस्तारीला कागदावर भरवसा नव्हता.

"कागद बदलते बाई," तो म्हणाला. "फोटू नाई बदलत."

सत्यशीलाबाई गेल्या. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी त्यांना उठायला सांगितलं, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे. मग साहेबांनी प्रास्ताविक केलं. ते पन्नास मिनिटं चाललं. त्यात जलसंपत्ती, महिला सक्षमीकरण आणि केरळ राज्य येऊन गेलं. शेवटी साहेबांनी माइकवर बोटानं तीनदा टकटक केलं, आणि विचारलं, "ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करावेत."

कोणी केला नाही. सरपंचाचा हात थोडा उचलला गेला, पण तो कान खाजवायला. साहेबांनी पाणी घेतलं. इकडेतिकडे पाहिलं. वीस-बावीस सेकंद वाट पाहून नाइलाजानं दुसरा प्रश्न विचारला : "ज्यांचा विरोध आहे त्यांनी?"

सगळी सभा हात वर करून बसली. इस्तारीची बायको कुंता हिनं तर दोन्ही केले.

"बाई, एका माणसाचा एकच हात," साहेब म्हणाले.

"दुसरा माया सासूचा हाय. थे घरी बिमार पडली हाय."

इतिवृत्तात 'ठराव बहुमताने मान्य' असं आलं. तेव्हा संस्थेनं तक्रार केली, आणि सोबत सत्यशीलाबाईंची सीडी जोडली.

ती सीडी तालुक्याच्या कचेरीत सगळ्यांसमोर लावली गेली. इस्तारी, कुंता, बाई, साहेब, तीन कारकून. सुरुवात ठीक होती. साहेबांनी लगेच मतदानाजवळ नेऊन ठेवली. पडद्यावर साहेबांचा आवाज आला : "ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करावेत." आणि सगळ्या शिंगाडबोडीनं हात वर केले.

कारकून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त बोट दाखवलं. "या बाईंनी तर दोन्ही हातांनी संमती दिलीय."

कुंता पडद्यावरच्या आपल्याच हातांकडे पाहत राहिली. इस्तारी वळला.

"बाई, तुमीनं आमचा तलाव इकला."

बाईंना तेवढ्यात कळलं होतं. कॅसेट उतरत होती तेव्हा त्याच कॉम्प्युटरवर हेमराजच्या नाटकाच्या सीड्याही जाळत, म्हणजे छापत होत्या. हेमराज म्हणजे नाटक कंपनीचा मालक, त्याला मार्कंड्याच्या जत्रेत विकायला सीड्या हव्या होत्या. कॉम्प्युटर दमला, चित्रं गाळत गेला, आणि पन्नास मिनिटांच्या प्रास्ताविकात चित्र आवाजाच्या बावीस सेकंद पुढे निघून गेलं. तयार सीडीची पहिली पाच मिनिटं पाहायची आणि पाकिटात घालायची, ही धंद्यातली रीत. पहिली पाच मिनिटं सगळंच बरोबर असतं.

"चूक माई हाय," त्या म्हणाल्या. "कन्व्हर्ट करताना आवाज मागं राह्यला. हात दुसऱ्या प्रश्नाचे हायेत."

"असं का," साहेब म्हणाले. "कन्व्हर्ट करताना होतं म्हणे मागंपुढं. तुमच्या लोकांना तर कन्व्हर्ट व्हायचा अनुभव आहे."

कारकुनांपैकी एकानं खाली पाहिलं. दोघं हसले.

"हाय ना," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "माया बाप चांद्याले दीक्षा घ्याले गेल्ता छप्पन साली. पायी. अख्खं घर कन्व्हर्ट झालं, आजीसकट. एक माणूस गळला नाई. काऊन का त्यायनं एका वक्ती एकच काम केलं. मी दोन केले. थेच चुकलं माह्यं."

यावर साहेबांनी कागद ओढला आणि अट लिहिली. जिल्ह्याच्या साहेबांपुढे आठ दिवसांनी सुनावणी. पुरावा सीडी स्वरूपातच. काटछाट आढळल्यास पुरावा बाद, आणि जुनी सीडी ग्राह्य.

अट लिहिणाऱ्याला संपादनातलं काही कळत नव्हतं, पण ती बसली मात्र अचूक. एरवी आवाजाची पट्टी बावीस सेकंद सरकवली की काम झालं असतं; दहा मिनिटांचा खेळ. पण सरकवलेला आवाज म्हणजे हात लावलेला पुरावा. कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात, एकही चित्र न गळता उतरवायची, एवढाच रस्ता उरला. त्यासाठी कॉम्प्युटर रिकामा हवा होता. कॉम्प्युटरमध्ये गळ्यापर्यंत हेमराजची नाटकं होती.

हेमराज दुसऱ्या दिवशी सीड्या न्यायला आला, तेव्हा बाई पुसायलाच बसल्या होत्या.

"हे का करून राह्यली?"

"जागा करून राह्यली."

"माह्यं नाटक पुसून?"

"कॅसेटी हायेत ना भाऊ. पुन्ना उतरवून देतो."

"जत्रा का पुन्ना भरते का? पाच नाटकं हायेत माहे! एका तलावासाठी? तुह्या बापाचा हाय का तलाव?"

"नाई. म्हणून तं पुसतो. बापाचा असता तं कोर्टात गेली असती."

"पाय सत्यशीला, मी दुसऱ्याकडं जाईन."

"जा ना. तुमचं नाटक उद्या पुन्ना होईल, भाऊ. त्याच हिरोइनी, त्याच बंदुका. थे सभा पुन्ना होत नाई."

हेमराज गेला, आणि खरंच दुसरीकडे गेला. सीझनचं अर्धं काम त्याचं होतं.

मग विजेचा प्रश्न. त्या वर्षी वीज वेळापत्रकानं जायची आणि वेळापत्रक सोडूनही जायची. अकरा ते साडेबारा वीज राहणार असं सांगितलं गेलं, म्हणजे अकरा ते बारा राहण्याची आशा करायला हरकत नव्हती. बाईंनी दुकानाचं शटर खाली ओढलं, कॉम्प्युटरमधला प्रत्येक इतर कार्यक्रम बंद केला, पंखाही बंद केला, आणि कॅसेट लावली. पडद्याच्या कोपऱ्यात गळालेल्या चित्रांचा आकडा दिसतो. तो शून्य होता. तासभर बाई त्या शून्याकडे पाहत बसल्या. माउसला हात लावला नाही, चहा घेतला नाही. बाहेरून कोणी शटर वाजवलं तर ओरडल्या नाहीत; ओरडल्यानं चित्र गळत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी ओरडल्या नाहीत. पडद्यावर साहेब केरळ राज्यात पोचले. शून्य. केरळहून परत आले. शून्य. हात वर झाले, खाली आले, सभा उठली. शून्य. या खेपेला त्यांनी तयार सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

सुनावणीला जिल्ह्याचे मोठे साहेब होते. त्यांच्या हाताशी सतरा प्रकरणं होती. त्यांनी घड्याळ पाहून म्हटलं, "मतदान दाखवा. बाकी पुढे ढकला."

"नाई साहेब," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"पुढं ढकलता येत नाई. मधातलं सोडलं तं हेच साहेब म्हणतील, बाईनं मधात काटलं. काटछाट नको असं लिहून हाय. लावली तं पुरी लावाची."

"किती आहे?"

"प्रास्ताविक पन्नास मिनटाचं हाय."

मोठ्या साहेबांनी तालुक्याच्या साहेबांकडे पाहिलं. अट त्यांच्याच अक्षरात फायलीला लावलेली होती. पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पन्नास मिनिटं कचेरीनं ते प्रास्ताविक ऐकलं. शिंगाडबोडीनं ते एकदा सोसलं होतं. आता ते सरकारवर आलं. केरळ राज्य आलं तेव्हा मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ज्यांनी ते प्रास्ताविक केलं होतं त्यांनी मध्येच एकदा जांभई दिली.

मग टकटक, पहिला प्रश्न, आणि एकही हात नाही. पाणी. दुसरा प्रश्न, आणि सगळी सभा.

"यात कशावरून आवाज सरकवलेला नाही?" तालुक्याचे साहेब म्हणाले. "दोन सीड्या आहेत. दोन्ही हिच्याच. खरी कोणती?"

"जुनी लावा," बाई म्हणाल्या. "आता हात नका पाहू. बोट पाहा."

जुनी लावली. पडद्यावर साहेबांच्या बोटानं माइकवर तीनदा टकटक केलं. आवाज आला तो प्रास्ताविकातल्या महिला सक्षमीकरणाचा. साहेबांचं बोट खाली गेलं, ओठ मिटले, ग्लास उचलला गेला. केवळ आवाज बोलत राहिला. बावीस सेकंदांनी, पाणी पिताना, टक, टक, टक.

"माइकले बोट लावल्यावर एवढ्या वेळानं वाजते का साहेब?"

"सरकारी माइक हाय," मागून इस्तारी म्हणाला. "वाजू शकते."

मोठे साहेब हसले, आणि हसल्याचं लक्षात येताच गंभीर झाले. कुंता मात्र हसली नाही. तिनं दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "पुन्ना मोजाचे असन तं मोजून घ्या साहेब. सासू आता बरी हाय, थे बाहेर बसली हाय. तिचे हात थेच आणून राह्यली."

आदेश महिन्यानं आला. त्यात असं म्हटलं होतं की, उभय चित्रफिती पाहण्यात आल्या. तथापि त्यांची सत्यता प्रमाणित करण्यास सक्षम तंत्रज्ञ जिल्ह्यात उपलब्ध नसल्याने, अशा तंत्रज्ञाची नियुक्ती होऊन त्याचा अहवाल प्राप्त होईपर्यंत ठरावाची अंमलबजावणी, पुढील आदेशाच्या अधीन राहून, स्थगित ठेवण्यात येत आहे.

तंत्रज्ञाची नियुक्ती झालेली नाही. तलावातले मासे ढिवर धरतात.