सत्तावीस वर्षांचं बाळ

ग्राइपवॉटरचा वास आला की मला कल्याणचा तो लहान मुलांचा दवाखाना आठवतो आणि अजून चीड येते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची, डोंबिवलीच्या शाळेत शिकवत होते. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आता त्यातली एक झडप गळायला लागली होती आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. ठाण्याचे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "जन्मजात दोष आहे, बालरोगतज्ज्ञांना दाखवा." म्हणून रडणाऱ्या पोरांच्या गर्दीत, घामात आणि पावडरच्या वासात दोन तास बसले. कंपाउंडरने विचारलं, "ताई, बाळ कुठंय?" "मीच," म्हटल्यावर सगळ्या आया हसल्या. आतले म्हातारे डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही मोठ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं." "त्यांनीच इकडे पाठवलंय!" मी इतक्या जोरात ओरडले की धाप लागून मटकन खालीच बसले. डॉक्टर घाबरले. मला पाणी देऊन त्यांनी ठाण्याला फोन लावला आणि सुनावलं, "झडप बदलायचीय हिची, वय नाही. आत्ता पाठवतोय, परत पाठवू नका." महिन्याभरात झडप बदलली. आता साठी ओलांडली. त्या दिवशी ओरडले नसते, तर ठाणे-कल्याण करतच राहिले असते; किंवा राहिलेच नसते.