ताट ऐकू येईल तिथवर

पूर्णिमा पळायला लागली ती वेळ वाचवायला. अठरा वर्षं मशीनीवर बसून तिनं अख्ख्या गुढियारी मोहल्ल्याच्या साड्यांना फॉल-पिको केलं, बसल्या जागी अंगानं भरली, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला.

चालायचं कुठं? सासू अंजनाबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. आवाज बसला म्हणे, म्हणून उशाशी स्टीलचं ताट आणि चमचा. ताट पूर्णिमाच्याच लग्नातलं, मागं तिच्या बापाचं नाव कोरलेलं. ते वाजलं की हिनं हजर व्हायचं. नवरा हरिदास रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू. त्यानं तोड काढली, "ताट ऐकू येईल तिथवर जाय ना. कोन रोकून राहिलं तुले?"

ताट ऐकू येई ते घरामागच्या तलावाच्या पाळीवर. गल्लीत दहा पावलांवर माणसाची हाक विरते, पण पाण्यावरून ताट साफ यायचं. चालत एका फेऱ्याला सहा मिनिटं. दुसरा पुरा होत नाही तोच ठणठण. पळालं तर तेवढ्यात तीन होतात हे ध्यानात आलं, आणि लग्न होऊन भनपुरीला गेलेल्या लेकीचे, पिंकीचे, जुने बूट चढवून बाई पळू लागल्या. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया तलावावर धुणं आपटता आपटता विचारत, "भाभी, मागं कोन लागून राहिलं वो?"

तीन वर्षांत दिवसाचे फेरे बेचाळीसवर गेले. बेचाळीस म्हणजे एकवीस किलोमीटर. पण सलग कधीच नाही. मधे ताट. मग घरी जायचं, पॉट द्यायचा, चहा पाजायचा, हात धुवून यायचं आणि पुढचा फेरा धरायचा. तिला एकदाच, जन्मात एकदा, ते अंतर न तुटता पळायचं होतं.

राज्याच्या नव्या राजधानीत, जिथं इमारती ढीगभर आणि माणूस औषधालाही नाही, तिथल्या रस्त्यावर एका रविवारी एकवीस किलोमीटरची दौड निघाली. पिंकी आजीजवळ बसायला कबूल झाली. हरिदासची ड्यूटी होती. त्यानं जाताना फक्त विचारलं, दुपारचा स्वयंपाक झाला का. झाला होता.

रस्ता नाकासमोर सरळ. पूर्णिमाला सवय वळणाची. वळण येईच ना. चार किलोमीटर, पाच, सहा. छाती मोकळी झाली, पाय हलके झाले. सातव्याला बाजूच्या खेड्यातल्या बाया रांगेनं उभ्या होत्या. पळणाऱ्यांना हुरूप यावा म्हणून थाळ्या बडवत होत्या.

पूर्णिमाचे पाय मागं वळले. डोक्याला त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

गर्दीच्या उलट ती बरंच पळाली. एक पोट्टा ओरडला, "आंटी, उल्टा जा रहे हो!" तेव्हा थांबली. पुन्हा फिरता आलं असतं. पण मनात आलं, घरी सासूनं खरंच वाजवलं असलं तर? तिथंच सारं संपलं. जिथून निघाली तिथवर ती पळत आली, छातीवरचा नंबराचा बिल्ला काढून पिशवीत टाकला आणि ऑटोत बसली.

घरी पिंकी आजीचे केस विंचरत होती. आजीनं किती वेळा वाजवलं, पूर्णिमानं विचारलं.

"थाली तो छुई भी नहीं, मम्मी. नाम लेके बुला रही थी मेरेको."

पूर्णिमानं ताटाकडं पाहिलं, खाटेवरच्या म्हातारीकडं पाहिलं. म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी पिंकी भनपुरीला गेली. सकाळी जाऊन-येऊन चौदा झाले होते, सात किलोमीटर उरले होते. म्हणजे चौदा फेरे. पूर्णिमानं पुन्हा बूट घातले. तिसरा फेरा पुरा होता होता ताट वाजलं. गल्लीच्या तोंडाशी पाय वळायला लागले, आणि या वेळी ते वळताना तिला दिसले. तिनं ते पाळीवर ओढून आणले. चौथा अख्खा फेरा ताट वाजत राहिलं, आधी धीरानं, मग रागानं, मग नुसतंच. धुण्यावरच्या बाया हात थांबवून पाहत होत्या.

चौथा पुरा करून ती घरी गेली.

"काहून वो, आयकू नाही आलं तुले?" अंजनाबाईनं विचारलं. आवाज चांगला खणखणीत होता.

"आलं," पूर्णिमा म्हणाली आणि पॉट घ्यायला खाटेखाली वाकली. दहा फेरे उरले होते.