पियानोजवळची बायको

गाणी रचणाऱ्यांच्या आयुष्यावरचे हॉलिवूडचे जुने चित्रपट असतात ना, त्यांत बायकोला एकच काम: पियानोला टेकून उभं राहायचं. नवरा चार सूर वाजवतो, अडतो, बायको सहज काहीतरी बोलते आणि गाणं तयार! पुढच्याच दृश्यात खचाखच भरलेलं थिएटर आणि जिन्यावरून नाचत उतरणाऱ्या मुली. मधली सगळी वर्षं उडवलेली. मला या चित्रपटांचा मनापासून राग येतो, तरी इथे आखातात, जुफैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी मी ते नवऱ्याशेजारी बसून बघते.

नवरा अकाउंटंट. ऑफिसातून आला की पेटी काढून चाली लावतो. आपलं एक गाणं कुणीतरी चारचौघांत गावं, एवढंच त्याला हवं होतं. पण इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात वादक नसतात, सगळे कराओकेच्या ट्रॅकवर गातात. ज्याचा ट्रॅक मिळेल तेच गाणं. याच्या चालीचा ट्रॅक कुठून मिळणार?

यंदा त्याने तो स्वतःच केला. भारतात जायची रजा त्यात घालवली, कॉम्प्युटरवर धडपडत तबला-बासरी बसवली. जवळच्याच हूरा भागात राहणारी एक गोड गळ्याची मुलगी गायला तयार झाली. तालमीला ती आमच्या घरी गायली, तेव्हा त्याचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. मी चहाचं निमित्त करून आत जाऊन रडून घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पुढच्या रांगेत बसलो. मुलगी माइकपाशी आली आणि तिने भलतंच, सगळ्यांच्या ओळखीचं सिनेमातलं गाणं सुरू केलं. लोकांनी ठेका धरला, वन्स मोअर दिला. नंतर ती धावत आली. "सॉरी काका, आयत्या वेळी धीरच झाला नाही. नवीन गाण्याला लोक उठून चहाला जातात हो. नेक्स्ट इयर नक्की, इंशाल्ला." हा म्हणाला, "छान गायलीस." खरंच छान गायली होती, म्हणून तर मला तिच्यावर धड चिडताही येईना.

पुढच्या शुक्रवारी चित्रपट लावलाच नाही. पेटी कपाटावर गेली होती. न राहवून मी म्हटलं, "ती चाल वाजव ना. मी ऐकते."

"तू ऐकून काय होणार?" तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साधेपणाने.

लग्न झाल्यापासून त्याची प्रत्येक चाल मीच तर ऐकत आले होते.