आमचे डॉक्टर आणि हातांनी बोलणारे पेशंट

दवाखान्यात नोकरी केली की किस्से साचतातच. आम्ही जुन्या नर्सेस जमलो की चहा थंड होतो, पण किस्से संपत नाहीत! माझे निम्मे किस्से देवधर डॉक्टरांचे. महाराष्ट्र राज्य नवं होतं, केळापूरकडचा आमचा दवाखाना लहानसा होता आणि आम्ही तरुण होतो.

ट्रकचा अपघात, साप, अडलेली बाई, सगळं आमच्याकडेच यायचं. एकदा पाय चिरडलेला बहिरा हमाल आणला. चौघं त्याच्या कानात ओरडत होते, "कुठं दुखते बे?" डॉक्टर म्हणाले, "ओरडून कान उघडत असते, तर मी शिकलो कशाला?" आणि त्याच्यासमोर उकिडवे बसून हातांनी विचारू लागले.

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांची वऱ्हाडी ऐकून पेशंट दुखणं विसरून हसायचे! बहिऱ्या पेशंटला टाके घालायच्या आधी मास्क खाली करून चेहरा दाखवायचे. "तोंड झाकलेला माणूस सुई घेऊन आला, तर तुम्ही पळाल की नाही?"

आमचे कंपाउंडर गणपतराव सलाइन लावलं की पेशंटचे दोन्ही हात फळीला बांधायचे. तांड्यावरची सकरी जन्मापासून बहिरी, हगवणीनं पार गळालेली. तिचेही बांधले. ती नुसती धडपडत होती. डॉक्टर कडाडले, "गणपतराव, तुम्ही तिचं तोंड बांधलंय!" एक हात सोडला, तसा तिनं पोटावरून गोल फिरवला. पोटुशी होती, आणि सोबत आलेल्या सासूनं सांगितलंच नव्हतं! गणपतराव म्हणाले, "मले काय मालूम, हे बाई हातानं बोलते म्हून!"

मग डॉक्टरांची नागपूरला बदली झाली. नवे डॉक्टर भले होते, पण पेशंटऐवजी सोबतच्या माणसाला विचारायचे. मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अजूनही होतं.

एका बाजाराच्या दिवशी सकरी आली, कडेवर लेक. तिनं नाकावरचा चष्मा सावरल्याची खूण केली. ते तिनं देवधर डॉक्टरांना ठेवलेलं नाव! मी नागपूरच्या रस्त्याकडे हात दाखवला. तिचं तोंड उतरलं. मग लेकीच्या कानाला हात लावून ती आमच्याकडे बघत राहिली.

"पोरीले आयकू येते का, इचारून राह्यली," गणपतराव म्हणाले. त्यांनी पोरीच्या मागे जाऊन तामचिनीच्या ट्रेवर चिमटा वाजवला. पोर गर्रकन वळली!

सकरीनं ट्रे हिसकावून घेतला. पोरीला खाली बसवून मागून स्वतः वाजवला. पोर वळली. पुन्हा वाजवला. पुन्हा वळली. मग सकरी दारात गेली आणि नागपूरच्या रस्त्याकडे तोंड करून जीव खाऊन ट्रे वाजवू लागली.