तिकोणा पेठेतले ठिपके

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. कुणी भुताखेताचं काढलं की मी सरळ मोबाईल काढून बसते. माझा धंदाच डेटा मायनिंगचा, म्हणजे ढीगभर आकड्यांतून अर्थ काढायचा. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

वडगाव मावळात मी आणि माझे वडील, आप्पा, असे दोघंच राहतो. आईला जाऊन तीन वर्षं झाली. आप्पांना विसरायचा आजार आहे. रोज विचारायचे, "तुजी आई कुटं गेली गं?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तेव्हा ते असे कोसळले की पुन्हा माझी छाती झाली नाही. मग मी थाप मारायला लागले — "माहेरी गेलीये, येईल." तिचं माहेर तिकोणा पेठ, गडाच्या पायथ्याचं गाव. "बरं बरं" म्हणून ते गप बसायचे.

ते हरवू नयेत म्हणून मी त्यांच्या हातात जीपीएसचं घड्याळ बांधलं. दर पाच मिनिटांनी ते कुठं आहेत याची नोंद. दोनेक महिन्यांचा डेटा जमला आणि मला किडा चावला — ऑफिसात गिऱ्हाइकांच्या सवयी शोधतो, मग बापाच्या का नाही? लावलं क्लस्टरिंग. म्हणजे काय, तर नकाशावर जवळजवळ पडलेल्या ठिपक्यांचे ढीग मशीनच करतं, त्याला काही सांगावं लागत नाही. त्या ढिगांचा अर्थ मात्र आपण लावायचा. तीन ढीग निघाले: घर, मारुतीचं देऊळ, नाक्यावरची चहाची टपरी. आणि चौथा... थेट तिकोणा पेठेत!

मला हसूच आलं. पंचवीस-तीस किलोमीटर लांब! वेळा पाहिल्या, तर सगळ्या दुपारी दोन ते तीनच्या. त्या वेळी आप्पा दिवाणावर घोरत असतात आणि मी शेजारीच लॅपटॉप घेऊन बसलेली असते. जीपीएस चुकतं कधीकधी, पण चुकलं की ठिपके चहूकडे उडतात. हे सगळे एकाच जागी रास घातल्यासारखे. कचरा म्हणून मी ते वगळले. पुढच्या आठवड्याच्या डेटात ढीग पुन्हा हजर. तोही वगळला.

मग एका गुरुवारी मी आतल्या खोलीत ऑनलाइन मीटिंगमध्ये तावातावाने बोलत होते. बाहेर येऊन बघते तर दिवाण रिकामा, घड्याळ चार्जिंगला लावलेलं. तशीच चप्पल अडकवून बाहेर पळाले. देवळात नाहीत, स्टेशनात नाहीत. टपरीवाला म्हणाला, "आप्पा कामशेतच्या गाडीत बसलं की मघाशी. म्हनलं, पावण्याकडं निघालं आसत्याल."

कामशेत म्हणजे तिकोणा पेठेची वाट. माझीच थाप! बायकोला आणायला निघाला होता माणूस.

स्कूटी काढली ती थेट पेठेतच थांबवली. मामा शहरात गेल्यापासून आईच्या माहेरच्या घराला कुलूप आहे. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "न्हाई बाई, हितं कुणीच आलं न्हाई. मी सकाळपासनं दारातच हाय." मी पायरीवर बसले. रस्त्यात कुठं उतरले असतील, पडले असतील, नको नको ते मनात यायला लागलं. काही सुचेना म्हणून मोबाईलवर तो नकाशा उघडला. ढीग घरावर नव्हताच. घरामागच्या बांधावरून पुढे, विहिरीपाशी होता. तिकडे मी जन्मात गेले नव्हते.

धावत गेले. उंबराखालच्या दगडावर आप्पा निवांत बसलेले.

"अहो आप्पा! जीव गेला असता ना माझा!" मी ओरडलेच.

"वरडती कशाला? रोज दुपारचा येतो की हितं. लगीन ठरल्यावर तुजी आई आन् मी हितंच बोलत बसायचो... चोरून." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "ती आता न्हाई, ते हितं आलं की ध्यानात येतं. घरी गेलं की इसरतो."

मी त्यांचा हात धरून तशीच बसून राहिले.

नंतर ते ठिपके मी उलटेपालटे करून तपासले. ऑफिसातला एकजण म्हणाला, डोंगरामुळे सिग्नल फिरला असेल. डोंगर काय, सिग्नल नेमका त्या दगडावर नेऊन ठेवतो होय? आणि त्या दिवसापासून चौथा ढीग एकदाही निघालेला नाही. मला याचं उत्तर माहीत नाही. माहीत असल्याचा आवही आणणार नाही.

पण लिहायला बसले ती त्या संध्याकाळसाठी. घरी पोचेपर्यंत आप्पा सगळं विसरले होते. चपला काढता काढता विचारलंच, "तुजी आई कुटं गेली गं?"

थाप अगदी ओठांवर होती. नाही मारली.

"आप्पा, आई वारली हो. तीन वर्षं झाली," म्हटलं आणि मलाच हुंदका फुटला. आईमागे मी धड रडलेच नव्हते, त्यांना सांभाळण्यातच सगळे दिवस गेले होते. या वेळी आप्पा कोसळले नाहीत. माझं डोकं छातीशी धरून कितीतरी वेळ थोपटत राहिले.

"रडू नगं बाय," म्हणाले, "मी हाय न्हवं."